सुभाष आत आहे

किशोरशेठने सलीमभाईंना फसवलं. हे मी पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो, कारण आमच्याकडे कोणाला श्रद्धांजली वाहायची म्हटली की आधी हार येतात, मग भाषणं होतात, आणि मूळ गोष्ट चहाच्या रिकाम्या कपांबरोबर उचलून नेली जाते.

जळगावात ज्या व्यापारी संकुलात माझं तयार कपड्यांचं दुकान आहे, त्याच संकुलात पहिल्या मजल्यावर किशोरशेठचं फोम, गाद्या आणि रेक्झिनचं दुकान. सलीमभाई अग्निशमन दलात लीडिंग फायरमन, म्हणजे बंबावरच्या तुकडीचे म्होरके. एक जण खोटं बोलला आणि दुसऱ्याला ते खरं मानण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एवढीच गोष्ट आहे. पण ज्याला फसवलं तो माणूस कसा होता हे कळल्याशिवाय ती कोणाला टोचणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

मी हातगाडीवर बनियन विकत विकत दुकानापर्यंत आलेला माणूस. भाव करण्यात मी कोणाला हार गेलेलो नाही. सुरतेचे व्यापारी माझा फोन आला की आधी पाणी पितात. फक्त सलीमभाईंनी मला हरवलं, तेही पहिल्याच भेटीत. शर्ट बघायला आले होते. बुटके, रुंद, मेंदी लावलेले केस, एक भुवई कायमची विरळ. शर्ट हातात घेऊन त्यांनी निम्मा भाव सांगितला आणि गप्प बसले. मी कापड, शिलाई, धुलाई सगळं सांगितलं. हे आपले छताकडे बघताहेत.

"काय बघता भाई?"

"मागलं दार कोठे शे?"

"शर्ट घ्यायला मागलं दार कशाला लागतं?"

"शर्ट घालून पळायला."

मागच्या दारापुढे मी खोक्यांची थप्पी लावली होती. त्यांनी त्या खोक्यांवरून मला असं काही झोडपलं की शर्ट त्यांच्या भावात कधी गेला ते मला कळलंच नाही. खोकी हलवली आणि वर त्यांना चहाही पाजला. तेव्हापासून ते आठवड्यातून एकदा यायचे. विकत काही घ्यायचे नाहीत, भाव मात्र सगळ्याचा करायचे.

वडील पिंजारी. जळगावातल्याच मेहरूण भागात, एका गल्लीत रजया भरायचे. सलीमभाईंचं लहानपण कापूस उडत असलेल्या घरात गेलं, आणि त्याचा त्यांना गर्व होता. "कापूस लबाड असतो," म्हणायचे. "वरून विझतो अन् आतून हसत राहतो." धुळ्याला नोकरीत असताना एका जिनिंगमध्ये गाठींना आग लागली. पाणी मारून झालं, धूर थांबला, मालक म्हणाला विझली, जेवायला चला. सलीमभाई गाठींवरून हात फिरवत हिंडले आणि म्हणाले, ही गाठ फोडा. मालक भडकला. चांगली गाठ कशी फोडू? दोघांची अशी जुंपली की तुकडीतली पोरं तिकडे जेवून आली. शेवटी गाठ फोडली तर आत निखारा. ही गोष्ट ते इतक्यांदा सांगायचे की शेवटी मीच म्हणायचो, "अन् आत निखारा." मग रुसायचे.

साधा बिधा माणूस नव्हता तो. बढाईखोर होता. बिडी ओढायचा. मी टोमणा मारला, आग विझवणाऱ्याच्या तोंडात आग? तर म्हणाले, "ही पाळलेली शे." पण बिडी पायाखाली चिरडून कधी टाकली नाही. पाणी घातलेल्या डब्यात बुडवायचे, आणि तो गंजका डबा माझ्या गल्ल्याखाली ठेवलेला असायचा. गिऱ्हाइकं नाक मुरडायची. मी दोनदा फेकला, दोनदा नवा आला.

एक सवय मात्र विलक्षण होती. कुठलंही बंद दार दिसलं की ते आधी त्याला उलटा हात लावायचे. हाताची मागची बाजू. दारामागे आग असेल तर उलट्या हाताला आधी कळतं, आणि चटका बसलाच तर धरायची बाजू शाबूत राहते, असं त्यांचं म्हणणं. आगीच्या जागी ठीक आहे. हे माझ्या कपड्यांच्या कपाटालाही लावायचे, मशिदीच्या दारालाही, दवाखान्यातही. स्वतःच्या घराच्या दाराला लावायचे तेव्हा आतून झरीनाभाभी ओरडायच्या, "आग नाहीये, मी आहे!" तर हे बाहेरून, "तेच बघतोय."

चुकायचेही. एकदा माझ्या दुकानात शिरले, नाक वर केलं आणि "बठ्ठा बाहेर या रे भो!" म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना रस्त्यावर काढलं. नवरदेवाची मापं चालू होती, तो बिचारा अर्ध्या शेरवानीत फुटपाथवर. निघालं काय, तर खालच्या भजीवाल्याचं तेल जळलं होतं. मी चिडलो. आठवडाभर बोललो नाही. ते आले, डब्यात बिडी बुडवली आणि म्हणाले, "माणसं मोजून बघितली का तू त्या दिवशी? बठ्ठी बाहेर आली का नाही? मग झालं."

आणि ज्या माणसाने आयुष्यभर आग विझवली, त्याला आग पेटवता येत नव्हती. हिवाळ्यात आम्ही संकुलवाले शेतात भरीत करायला जायचो. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची. एका वर्षी सगळ्यांनी हट्ट केला, काड्या सलीमभाईच पेटवतील. त्यांनी आधी जागा झाडून घेतली, मग भोवती मातीची कड केली, मग वारा बघितला, मग पाण्याची बादली मागवली. तोवर भूक मेली. मग काडीमागून काडी ओढली तरी पेटेना. हमाल लोक हसून लोळले. सुभाष नावाचा हमाल, किशोरशेठकडे कामाला होता, मुक्ताईनगरकडचा, तो पुढे आला, मूठभर काड्या मोडून पेटवल्या आणि म्हणाला, "चाचा, तुमचा धाक शे तिला. येतच नाही." सलीमभाईंनी त्याला जवळ ओढून पाठीत गुद्दा घातला. सुभाष पुढे कित्येक महिने हे सगळ्यांना सांगत हिंडला. सलीमभाईंनी त्याच्या आईसाठी भाकरीत बांधून भरीत दिलं होतं, तेही सांगायचा.

आता मुद्द्याकडे येतो.

बाजारात एक शहाणपण आहे. कोणी कबूल करणार नाही, पण प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. दुकानाला आग लागली की बंबवाल्यांना सांगायचं, आत माणूस आहे. म्हणजे ते आत शिरतात, पाणी नेमकं मारतात, माल वाचतो. माल वाचवा म्हटलं तर बाहेरून फवारा मारत बसतात. बापाने मुलाला गल्ल्यावर बसवताना सांगावं तसं हे सांगितलं जातं.

सलीमभाई या शहाणपणाला धुळ्यात एकदा फसले होते. कापडाच्या दुकानाला आग, मालक छाती पिटतोय, मुनीमजी आत आहेत. हे आणि यांचा जोडीदार धुरात घुसले. गुडघ्यांवर रांगत दुकान धुंडाळलं. मुनीमजी कुठेच नाहीत. वरून कापडाचे तागे कोसळले आणि जोडीदाराचा पाय गेला. बाहेर येऊन बघतात तर मुनीमजी गर्दीत छत्री घेऊन उभे, आणि आग कशी लागली ते लोकांना समजावून सांगताहेत. सलीमभाई हे सांगताना नेहमी हसवायचे, छत्रीची नक्कल करायचे. जोडीदाराचं नाव आलं की मात्र अर्धी बिडी डब्यात बुडवायचे.

तेव्हापासून त्यांनी पक्कं केलं. आगीवर पोचलं की मालकाला विचारायचं: कोण आत आहे, नाव सांग. कुठे आहे, जागा सांग. शेवटचं कोणी बघितलं? आणि सगळे बाहेर असतील तर आत जायचं नाही. मालक रडो, पाया पडो, शिव्या देवो. "मालाला आई नसते," हे त्यांचं वाक्य. तुकडीतल्या पोरांकडून ते पाठ करून घ्यायचे. आणखीही पढवायचे: एकट्याने शिरायचं नाही, पाठीवरच्या सिलिंडरची हवा संपत आल्याची शिटी वाजायच्या आधी वळायचं, आणि पोटमाळ्याखाली उभं राहायचं नाही. दुकानदारांनी अँगल आणि प्लाय ठोकून केलेल्या पोटमाळ्यांवर त्यांचा फार राग. "सरकारी नकाशात नाही, मालकाच्या तोंडात नाही, डोक्यावर पडल्यावरच कळतो."

आमच्या संकुलाचा मागचा जिना किशोरशेठने गाद्यांच्या गुंडाळ्यांनी भरून टाकला होता. आणि दुकानात त्या जिन्याच्या दारापर्यंत पोटमाळा काढला होता. नोटीस देणं सलीमभाईंच्या हातात नव्हतं. म्हणून ते सुटीच्या दिवशी, साध्या कपड्यांत येऊन चक्क भाव करायचे.

"किशोरशेठ, जिना पुरा मोकळा करा."

"जागा कुठंय भाई?"

"मग निम्मा."

"सीझन झाला की बघू."

"बरं, एक माणूस आडवा जाईल एवढा. तुमच्यासारखा बारीक नाही, माझ्यासारखा रुंद."

लोक हसायचे, किशोरशेठही हसायचा, दोन गुंडाळ्या हलवायचा आणि सलीमभाई गेले की परत लावायचा. एकदा म्हणाला, "आमच्याकडे आग नाही लागत भाई, दारात गणपती बसवलाय." सलीमभाई म्हणाले, "विसर्जनाला त्यालाही वाट लागते शेठ." या जिन्यावरून माझी आणि किशोरशेठची भांडणं व्हायची. मी काही गोड बोलून सांगणारा नाही. एकदा कॉलरपर्यंत गेलं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे हेच माझ्या अंगावर आलं.

आग लागली ती लग्नसराईत, भर दुपारी. उन्हाने रस्ते ओस पडलेले, शटर अर्धी ओढलेली. किशोरशेठच्या दुकानातून काळा धूर निघाला. फोमचा धूर कसा असतो ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. डांबर हवेत उकळावं तसा. आम्ही सगळे खाली उतरलो आणि समोरच्या निंबाखाली जमलो. ही सवय सलीमभाईंनीच लावलेली. प्रत्येक दुकानाने आपापली माणसं हाका मारून बघितली. सगळे होते. किशोरशेठही म्हणाला, "माझे सगळे आहेत."

हे त्याचं वाक्य मी या कानांनी ऐकलं आहे.

बंब आला. सलीमभाई उतरले, निंबाखालची माणसं बघितली, वर धूर बघितला, आणि पोरांना सांगितलं, बाहेरूनच मारा, शेजारची दुकानं भिजवा, आत कोणी जायचं नाही. किशोरशेठ पुढे धावला.

"सलीमभाई, आत नवा माल भरलाय. मागच्या बाजूला अजून पोचली नसेल. दोन माणसं पाठवा फक्त."

"मालाला आई नसते शेठ. बाजूला व्हा."

किशोरशेठ बाजूला झाला. घाम पुसला. वर बघितलं. आणि परत आला.

"सुभाष आत आहे."

सलीमभाई वळले. "कोण?"

"सुभाष. आमचा हमाल. पोटमाळ्यावर झोपला असेल. दुपारचा झोपतो तो तिथं."

सुभाष दुपारी तिथे झोपायचा हे खरं होतं, सलीमभाईंनाही माहीत होतं. पण त्या दिवशी सुभाष जळगावात नव्हता. सकाळी चहाच्या टपरीवर याच किशोरशेठने माझ्यासमोर कुरकुर केली होती, की लग्नसराईतच याला आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सुचतं, पहाटेच्या गाडीने निघून गेला. मी गर्दी कापत पुढे गेलो.

"भाई, सुभाष गावाला गेलाय! यानेच सांगितलंय मला सकाळी!"

"परत आला तो," किशोरशेठ म्हणाला. "मागच्या जिन्याने वर गेला."

"मागच्या जिन्याने? तो तर तुमच्या गाद्यांनी भरलाय!"

मी सुभाषला फोन लावला. फोन वाजला. वाजत राहिला. उचलला नाही.

"बघा," किशोरशेठ म्हणाला, "फोन लागतोय अन् उचलत नाही. आत पडला असेल पोरगा."

सलीमभाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग परत माझ्याकडे. दोन भाव करणारे समोर, आणि दोघांच्या मध्ये हा माणूस. मी म्हणालो, "भाई, शपथ घेतो, हा मालासाठी बोलतोय."

"तू खरा असशील आप्पा," ते म्हणाले. "पण हा खरा असला तर?"

मी पुन्हा सुभाषचा नंबर लावला.

"याच्यात घासाघीस होत नाही भो," असं म्हणून त्यांनी तोंडावर मुखवटा ओढला. विलास नावाचा तरुण फायरमन त्यांच्या मागे निघाला. वरच्या दारापाशी सलीमभाई थांबले, हातमोजा काढला, दाराला उलटा हात लावला. मग वाकले, गुडघ्यांवर आले आणि धुरात गेले. विलासच्या हातातला पाण्याचा पाइप त्यांच्या मागे सरकत होता, एवढंच दिसत होतं.

माझा फोन वाजला.

"आप्पा, फोन केला होता का? आईला आत्ताच बाहेर आणलं, म्हणून उचलला नाही."

"सुभाष, तू कुठं आहेस?"

"दवाखान्यात. मुक्ताईनगरला. काय झालं?"

मी फोन कानाला तसाच धरून ओरडत जिन्याकडे धावलो. फायरमन लोकांनी मला अडवलं, माझं ऐकलं, एक जण दाराशी जाऊन हाका मारू लागला. तेवढ्यात वरून आवाज आला. मोठा नव्हता. गाद्यांनी भरलेला पोटमाळा खाली आला तर आवाज दबकाच येतो. विलास पाइप धरून धरून बाहेर आला. त्याने नंतर सांगितलं की सलीमभाईंनी त्याला पोटमाळ्याच्या खाली येऊ दिलं नाही, दारापाशीच थांबवलं, आणि स्वतः सुभाषच्या नावाने हाका मारत पुढे गेले.

माझ्या कानाला सुभाष अजून होता. "आप्पा? आप्पा, कोण हाक मारतंय?"

सलीमभाईंना बाहेर आणलं तेव्हा संध्याकाळ झाली होती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. चौकशी झाली. आगीचं कारण शॉर्ट सर्किट. मृत्यू कर्तव्य बजावताना. मी जबाब द्यायला गेलो. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुमचा आणि त्यांचा जिन्यावरून वाद आहे ना?" म्हटलं, आहे. "कॉलर धरली होती?" म्हटलं, धरली होती, आणि आत्ता समोर असता तर परत धरली असती. साहेबांनी पेन खाली ठेवलं. किशोरशेठने सांगितलं, धुराच्या गडबडीत वाटलं की सुभाष परत आलाय, फोन उचलला नाही म्हणून खात्रीच झाली. साहेब म्हणाले, स्वाभाविक आहे. निंबाखाली उभे असलेले बाकीचे दुकानदार? कोणाला काही ऐकू आलं नव्हतं. पंपाचा आवाज फार होता म्हणे. माझ्याकडून उधारीवर माल नेणारे, माझ्या पोरीच्या लग्नात पंगती वाढणारे, सगळे एकदम बहिरे झाले. का ते मला कळतं. उद्या त्यांच्याही दुकानाला आग लागू शकते, आणि तेच वाक्य त्यांच्याही कामाचं आहे.

संकुलासमोर मोठा फलक लागला, सलीमभाईंच्या फोटोचा. खाली श्रद्धांजली वाहणाऱ्यांत पहिलं नाव किशोरशेठचं, फोटोसकट. हार त्यानेच घातला. भाषणात म्हणाला, आमच्या माणसासाठी त्यांनी प्राण दिले.

सुभाष त्याच्या आईला घेऊन मेहरूणला सलीमभाईंच्या घरी गेला होता. म्हातारीच्या डोळ्यांवर अजून ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. दारात उभी राहून तिने झरीनाभाभींना विचारलं, "मन्हा पोऱ्याले शोधाले गया होता ना तो?" झरीनाभाभींनी मान हलवली. तिला ते दिसलं नसावं, म्हणून ती तशीच उभी राहिली. शेवटी भाभींनी तिचा हात धरून आत नेलं. सुभाषने किशोरशेठची नोकरी सोडली आहे. आता माझ्याकडे असतो. दुपारी झोपत नाही.

किशोरशेठचं दुकान परत उघडलं. नवा रंग, नवा गणपती. पोटमाळा होता तिथेच पुन्हा बांधला, या वेळी जाड अँगलचा, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने दाखवतो. मागच्या जिन्यात गाद्या आहेत. गेल्या आठवड्यात विलास साध्या कपड्यांत आला होता. जिन्याच्या बंद दाराला त्याने उलटा हात लावला आणि मग मला म्हणाला, "आप्पा, निम्मा तरी मोकळा करायला सांगा ना." मी त्याला म्हटलं, भाव करायचे दिवस गेले.

डबा अजून माझ्या गल्ल्याखाली आहे. त्यातलं पाणी सुभाष बदलतो.

किशोरशेठ, आपण रोज एकाच जिन्याने चढतो. तुम्ही खाली बघून जाता. मी इथे सगळ्यांसमोर विचारतो, पंपाचा आवाज आता बंद आहे. निंबाखाली तुम्ही म्हणालात, माझे सगळे आहेत. मग पाणी तुमच्या मालापर्यंत पोचेना तेव्हा म्हणालात, सुभाष आत आहे. पहिलं वाक्य मी ऐकलं आहे, दुसरंही मी ऐकलं आहे. या दोन वाक्यांच्या मध्ये तुम्हाला कोण भेटलं, ज्याने सांगितलं की सुभाष परत आला?

त्याचं नाव सांगा. कुठे भेटला, जागा सांगा. आणि शेवटचं त्याला कोणी बघितलं, तेही सांगा.